ईएसएक्सआय, हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स एकत्र सांभाळताना : अकरा महिन्यांनंतर

आमच्या सांगलीच्या गणपती पेठेतल्या ऑफिसात सर्व्हर पहिल्या मजल्यावर आहे. २०१९च्या पुरापर्यंत तो तळमजल्यावर होता. त्या ऑगस्टमध्ये पाणी पेठेत शिरायला लागलं तेव्हा आम्ही चौघांनी तो रॅकमधून काढून जिन्याने वर नेला. सर्व्हर वाचला, पण पुढचे कितीतरी दिवस तो वर नुसता पडून होता. पेठेत वीज नव्हती, आणि त्याच्यावरच्या व्हीएम (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक) दुसरीकडे चालवायची सोय मी करून ठेवलेली नव्हती. कुपवाडच्या कारखान्यात दुसरा चांगला सर्व्हर होता, त्यात जागाही होती. पण व्हीएम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरव्हायझर, ऑफिसात मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही आणि कारखान्यात व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय. एकाची व्हीएम उचलून दुसऱ्यावर तशीच ठेवता येत नाही, हे वाचून मला माहीत होतं. त्या आठवड्यात ते अनुभवलं.

तेव्हापासून हे काम डोक्यात होतं. प्रत्यक्ष सुरुवात फेब्रुवारी २०२५मध्ये झाली. आता अकरा महिने झालेत. वेगवेगळ्या हायपरव्हायझरचे होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात ते सर्व्हर) एकाच माणसाने कसे सांभाळायचे, हा प्रश्न पडलेले लोक आपल्याकडे बरेच असणार. म्हणून जे जमलं आणि जे नाही जमलं ते सविस्तर लिहिते आहे.

आमचा पसारा असा. कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉप, तिथे ईएसएक्सआय ७चे दोन होस्ट. गणपती पेठेत हेड ऑफिस, तिथे विंडोज सर्व्हर २०१९वर हायपर-व्ही. तासगाव रस्त्याला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, तिथे आणखी एक हायपर-व्ही. एकूण सव्वीस व्हीएम. सांभाळायला मी आणि एक नवा मुलगा.

ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेण्याचा व्यवहार २२ नोव्हेंबर २०२३ला पूर्ण झाला. त्याच डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली आणि सगळं वर्गणीवर गेलं. आमच्या ७ आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता. मोठ्या आयटी विभागाचं बजेट नसलेल्या कंपनीला वर्गणीचं गणित बसत नव्हतं. म्हणून कुपवाडला दोन नवे होस्ट घेऊन त्यावर प्रॉक्समॉक्स हा तिसरा हायपरव्हायझर बसवला आणि ईएसएक्सआयवरच्या व्हीएम हळूहळू तिकडे न्यायचं ठरवलं. हायपर-व्ही ठेवलं, कारण तिथली विंडोजची लायसन्स घेऊन झालेली होती आणि काम नीट चालू होतं. म्हणजे दोनाचे तीन झाले.

पहिले दोन महिने मी एका गोष्टीच्या मागे घालवले, ते आधी सांगते. मला एकच पडदा हवा होता. एका ठिकाणी बसावं आणि तिन्हीकडच्या व्हीएम चालू, बंद, हलव, सगळं तिथूनच करावं. लिबव्हर्ट, म्हणजे वेगवेगळे हायपरव्हायझर एकाच पद्धतीने हाताळणारं सॉफ्टवेअर, वापरून पाहिलं. त्यात केव्हीएमबरोबर (लिनक्समधला हायपरव्हायझर, प्रॉक्समॉक्सच्या आत तोच असतो) ईएसएक्सआय आणि हायपर-व्हीलाही जोडणारे ड्रायव्हर आहेत. यादी दिसते, चालू-बंद होतं. पण केव्हीएमबाहेर गेलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी अर्धवट. मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीन मॅनेजर व्हीसेंटरमार्फत (ईएसएक्सआयचे होस्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर) व्हीएमवेअरचे होस्टही घेतं, पण चार-पाच होस्टसाठी तो खर्च मला पटला नाही, आणि प्रॉक्समॉक्स त्यात येतच नाही. पुढे डिसेंबर २०२५मध्ये प्रॉक्समॉक्स डेटासेंटर मॅनेजरची १.० आवृत्ती आली. मी लावली आहे आणि मला ती आवडली, पण ती प्रॉक्समॉक्सच्याच घरातलं बघते.

त्या दोन महिन्यांनंतर मी तो हट्ट सोडला. बटणं ज्याची त्याच्या घरात राहू द्यायची. एकत्र करायच्या तीनच गोष्टी : नजर, नोंदवही आणि बॅकअप. हे ठरल्यावर काम मार्गी लागलं, आणि आज कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

नजरेसाठी झॅबिक्स हे देखरेखीचं सॉफ्टवेअर घेतलं. ईएसएक्सआय आणि प्रॉक्समॉक्ससाठी त्यात तयार टेम्पलेट आहेत, हायपर-व्हीच्या होस्टवर त्याचा विंडोज एजंट टाकला. दोन ठिकाणी अडकले. व्हीएमवेअरची माहिती गोळा करणारी प्रोसेस झॅबिक्स सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मुळात शून्यावर असते, ती वाढवल्याशिवाय काहीही येत नाही. आणि प्रॉक्समॉक्समध्ये एपीआय टोकन (दुसऱ्या सॉफ्टवेअरला आत यायला दिलेली किल्ली) करताना त्याचे अधिकार वेगळे ठेवण्याची खूण चालू असते. म्हणजे युजरला बघण्याचे अधिकार दिले तरी टोकनला ते आपोआप मिळत नाहीत, त्याला स्वतंत्र द्यावे लागतात. मी एक अख्खी दुपार रिकाम्या आलेखाकडे बघत बसले होते.

खरी मेहनत त्यापुढे आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. तिन्हींचे आकडे एका पडद्यावर शेजारी शेजारी आले म्हणजे ते एकसारखे होत नाहीत.

हायपर-व्हीचं घ्या. होस्टवर टास्क मॅनेजर उघडलं आणि सीपीयू ८ टक्के दिसला, तर होस्ट मोकळा आहे असं वाटतं. तसं नसतं. हायपर-व्हीचा रोल चालू झाला की ते मूळ विंडोजही हायपरव्हायझरच्या वर बसतं, आणि टास्क मॅनेजर त्याच्या स्वतःच्या वाट्याचंच सांगतो. सगळ्या व्हीएम मिळून प्रोसेसर किती राबतोय हे हायपरव्हायझरच्या लॉजिकल प्रोसेसरच्या काउंटरमध्ये (विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमधला आकडा) दिसतं. कोल्ड स्टोरेजचा होस्ट निवांत आहे असं मी वर्षभर समजत होते. काउंटर बदलल्यावर कळलं की बेदाण्याच्या हंगामात तो दुपारी भरून वाहतो.

प्रॉक्समॉक्सवर उलटं झालं. मेमरी कायम ९० टक्के, आणि नवा मुलगा रोज सकाळी घाबरून फोन करायचा. कारणं दोन. झेडएफएस ही फाइल सिस्टिम डिस्कवरचं वाचलेलं मेमरीत साठवून ठेवते, त्याला एआरसी म्हणतात. प्रॉक्समॉक्स ८.१पासूनच्या नव्या इन्स्टॉलमध्ये त्याची मर्यादा एकूण मेमरीच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त १६ जीबी ठेवलेली असते, त्याआधीच्या इन्स्टॉलमध्ये ती निम्म्यापर्यंत जाते. आमचा एक होस्ट आधी चाचणीसाठी जुन्या आवृत्तीवर बसवून मग वर चढवलेला होता, त्यामुळे जुनीच मर्यादा राहिली होती. दुसरं कारण म्हणजे विंडोजच्या व्हीएममध्ये बलूनचा (आतली मोकळी मेमरी होस्टला कळवणारा) ड्रायव्हर नसेल तर आत कितीही मेमरी मोकळी असली तरी बाहेरून ती पूर्ण वापरलेली दिसते. ड्रायव्हर टाकला, मर्यादा घातली, आकडा खाली आला. होस्ट तोच होता, फक्त आता तो खरं सांगत होता.

म्हणून मी तिन्हींना एकच धोक्याची रेघ लावणं बंद केलं. ईएसएक्सआयवर व्हीएमला प्रोसेसरसाठी किती ताटकळावं लागतं ते बघते, लिनक्सच्या व्हीएममध्ये स्टीलचा आकडा (प्रोसेसर दुसऱ्यांकडे असल्याने वाट बघण्यात गेलेला वेळ) बघते, हायपर-व्हीवर तो वरचा काउंटर. प्रत्येकाचा ताप वेगळ्या जागी मोजायचा.

व्हीएम हलवण्याचं काम मात्र वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. प्रॉक्समॉक्स ८.२मध्ये, म्हणजे एप्रिल २०२४ला, ईएसएक्सआयवरून थेट आयात करण्याची सोय आली. ईएसएक्सआयचा होस्ट स्टोरेजसारखा जोडायचा, व्हीएम बंद करायची, यादीतून निवडायची. त्यावर स्नॅपशॉट (व्हीएमची त्या त्या क्षणाची राखलेली अवस्था) असतील तर आधी काढून टाका, नाहीतर वेग फार पडतो. अठरा व्हीएम अशा आणल्या. लिनक्सच्या व्हीएममध्ये नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, आमच्याकडे ईएनएस१९२चं ईएनएस१८ झालं, तेवढं एका फाइलमध्ये दुरुस्त केलं की झालं.

विंडोजला जास्त जपावं लागतं. व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत टाकलेले व्हीएमवेअरचे ड्रायव्हर) व्हीएम हलवण्याआधीच काढा, कारण नंतर त्याचा अनइन्स्टॉलर अडून बसतो. नव्या घरात पहिल्यांदा साटा डिस्कवर चालू करा. चालू झाल्यावर व्हर्टआयओचे (केव्हीएमच्या आभासी डिस्क आणि नेटवर्कसाठीचे) ड्रायव्हर टाका, एक छोटी व्हर्टआयओ डिस्क तात्पुरती जोडून एकदा रीबूट करा आणि मगच मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या. ही पायरी गाळली की निळा पडदा येतो. आणि जुनं नेटवर्क कार्ड नसलं तरी लपून राहतं, स्वतःचा आयपी धरून. नव्या कार्डाला तोच आयपी द्यायला गेलं की विंडोज तक्रार करतं. लपलेलं डिव्हाइस दाखवून ते काढून टाकावं लागतं. हजेरीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बांधलेलं होतं, म्हणून त्या व्हीएमचा जुना मॅक पत्ता तसाच ठेवला.

एक व्हीएम डोंगलची आहे. प्लेट कटिंगचं नेस्टिंग सॉफ्टवेअर (प्लेटवर तुकडे कसे बसवायचे ते मांडणारं) यूएसबी डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. ईएसएक्सआय आणि प्रॉक्समॉक्स दोघंही होस्टला लावलेलं यूएसबी उचलून व्हीएमला देतात. हायपर-व्हीत अशी सरळ सोय नाही. त्यामुळे ती व्हीएम कुठे जाणार हे डोंगलनेच ठरवलं. आणि डोंगल एका होस्टला लावलेलं असताना ती व्हीएम चालू अवस्थेत दुसरीकडे सरकत नाही, हेही नोंदवहीत लिहून ठेवलं आहे.

आता वेळेची गोष्ट. मला या अकरा महिन्यांत सगळ्यात जास्त शिकवलं ते तिने.

मार्चमध्ये, बेदाण्याच्या गाड्यांची गर्दी असताना, कोल्ड स्टोरेजच्या वजनकाट्यावरून फोन आला. "मॅडम, पावतीवर टाइम मागचा पडतोय बघा. गेटच्या वहीत साडेअकरा आणि काट्याच्या पावतीवर अकरा एकवीस." गाडी आत येण्याआधीच तिचं वजन झालं, असं कागद सांगत होता. व्यापाऱ्याचा माणूस तिथेच उभा. अशा वेळी मालाच्या वजनावरचाच विश्वास उडतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

कारण असं होतं. तिथला हायपर-व्हीचा होस्ट डोमेनमध्ये होता आणि वेळ डोमेन कंट्रोलरकडून (नेटवर्कवरचे युजर आणि मशीन ओळखणारा सर्व्हर) घेत होता. डोमेन कंट्रोलर त्याच होस्टवरची व्हीएम, आणि ती हायपर-व्हीच्या इंटिग्रेशन सर्व्हिसमधून (व्हीएम आणि होस्ट यांच्यातला दुवा) वेळ होस्टकडून घेत होती. दोघं एकमेकांना विचारत होते आणि दोघंही मिळून मागे पडत चालले होते. कुपवाडचा होस्ट बाहेरच्या सर्व्हरवरून वेळ घेत असल्याने तिथे ठीक होतं, त्यामुळे फरक इतके महिने लक्षातच आला नाही. चूक माझीच. होस्ट बसवताना हे मी बघायला हवं होतं.

दुरुस्ती छोटी आहे. डोमेन कंट्रोलरच्या व्हीएमचं होस्टशी वेळ जुळवणं बंद केलं. पीडीसी एम्युलेटरची, म्हणजे डोमेनला वेळ देण्याची, भूमिका असलेल्या सर्व्हरला बाहेरून वेळ घ्यायला लावली, आणि तिन्ही प्रकारच्या होस्टना तेच बाहेरचे सर्व्हर दिले. हे नुसतं सोयीचं नाही. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, घड्याळं जुळवायला सांगितलं आहे, आणि लॉग १८० दिवस ठेवायलाही. वेगवेगळे हायपरव्हायझर असतील तर पहिल्या दिवशी हेच करा. आता झॅबिक्समध्ये प्रत्येक होस्टचा वेळेचा फरक एका ओळीत दिसतो, आणि सकाळी मी आधी तीच ओळ बघते.

कुपवाडला एप्रिलमध्ये कोरमने (पुरेशी मतं असण्याच्या अटीने) दणका दिला. प्रॉक्समॉक्सचे दोन होस्ट क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या गटात, बांधले होते, प्रत्येकाला एक मत. वळवाच्या पावसात वीज गेली, जनरेटरवर गेल्यावर एक होस्ट वर आला, दुसरा आला नाही, त्याची एक रॅम गेली होती. दोनांतला एक म्हणजे निम्मी मतं, बहुमत नाही. अशा वेळी क्लस्टरची सेटिंग फक्त वाचण्यापुरती होतात आणि बंद असलेली व्हीएम चालू करता येत नाही. होस्ट समोर धडधाकट उभा, आणि तो व्हीएम चालू करायला नकार देतोय. स्टोअरमधून फोनवर फोन, "मॅडम, गेट पास निघंना झालाय." मी शेवटी अपेक्षित मतांची संख्या हाताने एकावर आणून काम चालू केलं. हा उपाय दुसरा होस्ट खरोखर बंद आहे याची खात्री असेल तरच करायचा.

नंतर तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस लावलं. डेबियन चालणारं कुठलंही लहान मशीन त्याला पुरतं, आणि ते क्लस्टरच्या बाहेर असलं तरी चालतं. आमचं गणपती पेठेत एका जुन्या पीसीवर आहे. पण होस्ट स्वतः दोन गावांत ठेवून एक क्लस्टर करू नका. कोरोसिंकला (क्लस्टरचे होस्ट एकमेकांशी जोडून ठेवणारं सॉफ्टवेअर) होस्टांमधल्या निरोपाचा उशीर अगदी कमी असावा लागतो, आपल्याकडच्या साध्या इंटरनेट लिंकवर ते टिकत नाही.

वीज जाणं हा आपल्याकडचा नेहमीचा विषय, त्यामुळे यूपीएसवरून बंद होण्याचा क्रम तिन्हीकडे स्वतंत्र लावावा लागला. डेटाबेस शेवटी बंद, डोमेन कंट्रोलर सगळ्यात आधी चालू. हायपर-व्हीवर होस्ट बंद होताना व्हीएम मुळात सेव्ह होतात, मी त्या व्यवस्थित शटडाउन होतील असं बदललं. प्रॉक्समॉक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्स वापरते.

विंडोजच्या लायसन्सबद्दल एक गैरसमज आहे. प्रॉक्समॉक्सवर गेलो म्हणजे विंडोजचं लायसन्स सुटलं, असं मला दोन जणांनी सांगितलं. तसं नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड होस्टच्या सगळ्या कोअरसाठी घ्यावं लागतं, किमान १६, आणि त्यावर दोन विंडोज व्हीएम चालतात. खाली हायपरव्हायझर कुठलाही असो. ज्या दोन होस्टांमध्ये व्हीएम ये-जा करणार, ते दोन्ही मोजावे लागतात. हलवण्याआधी हे कागदावर मांडा.

शेवटचा भाग बॅकअपचा, जिथून मी सुरुवात केली होती.

प्रॉक्समॉक्सच्या व्हीएमसाठी प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर आहे. तो बदललेलाच भाग पाठवतो, सारखे तुकडे एकदाच साठवतो, आणि साठवलेलं शाबूत आहे का हे ठरल्या वेळी तपासतो. मी यावर मनापासून समाधानी आहे. हायपर-व्हीसाठी वीम हे बॅकअपचं सॉफ्टवेअर ठेवलं. ऑगस्ट २०२४च्या १२.२ आवृत्तीपासून ते प्रॉक्समॉक्सलाही ओळखतं. दोन्हीकडचा बॅकअप कुपवाडला जातो, कारण ती जागा नदीपासून लांब आहे.

मेमध्ये आम्ही पुराचा सराव केला. गणपती पेठेतला होस्ट बंद आहे असं धरायचं आणि हिशेबाची व्हीएम कुपवाडच्या प्रॉक्समॉक्सवर उभी करायची. मी मुद्दाम हाताने करायचं ठरवलं, कारण अडचणीच्या दिवशी कुठलं साधन हाताशी असेल सांगता येत नाही. व्हीएचडीएक्स फाइल (हायपर-व्हीच्या व्हीएमची डिस्क) आणली, डिस्क म्हणून आत घेतली, चालू केलं, आणि काळा पडदा. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उलगडलं. ती हायपर-व्हीची जनरेशन २ व्हीएम होती, म्हणजे यूईएफआयवर (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) चालणारी, आणि मी प्रॉक्समॉक्सवर साधा बायोस निवडला होता. ओव्हीएमएफ (प्रॉक्समॉक्समधलं यूईएफआय) निवडल्यावर विंडोज वर आलं. मग आयपी दुसऱ्या पट्ट्यातला, तो बदलला, आणि हिशेब उघडले. एकूण पावणेचार तास.

त्या दिवसानंतर नोंदवहीत प्रत्येक व्हीएमपुढे रकाने वाढले : जनरेशन कुठली, डिस्क कुठल्या कंट्रोलरवर, आयपी, मॅक, डोंगल आहे का, आधी कोण चालू व्हायला हवं. ही माहिती तिन्ही प्लॅटफॉर्मवर असतेच, पण ज्या दिवशी होस्ट बंद असतो त्या दिवशी ती त्या होस्टमध्येच अडकलेली असते. म्हणून नोंदवही बाहेर हवी. आमची एक शीट आहे आणि तिची छापील प्रत कुपवाडच्या रॅकच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. जूनमध्ये दुसरा सराव नव्या मुलाने एकट्याने केला, ती प्रत हातात धरून. सव्वा तास लागला.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५. आमच्या शीटच्या वरच्या कोपऱ्यात आता ३५ लिहिलं आहे. पाणी तिथे पोचलं की पेठेतल्या चार व्हीएम बंद करून शेवटचा बॅकअप घ्यायचा आणि कुपवाडला चालू करायच्या, कुणाच्या परवानगीची वाट न बघता. मालकांनी त्यावर सही केली आहे.

जुन्या ईएसएक्सआयवर अजून दोन व्हीएम आहेत, दोन्ही हिशेबाच्या जुन्या वर्षांच्या. सपोर्ट संपलाय हे मला माहीत आहे, म्हणून त्या होस्टला इंटरनेट तोडून ठेवलं आहे. मार्च एंडची गडबड संपली की एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्या हलवायच्या, आणि मेमध्ये परत सराव.